रंगाचा वास

दिवाळीच्या तोंडावर घरोघर रंग निघतो. तो ओला वास आपल्याला सणाचा वाटतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मात्र तो सोसवत नाही. त्याचे वडील गोदीत रंगारी आहेत. जहाजाच्या पोटातल्या बंद टाकीत उतरून रंग द्यायचा. रंग वाळतो म्हणजे त्यातले द्रावक उडते. उडून जाणार कोठे? माणसाच्या छातीत! शिवाय ठिणगी पडली तर भडका.

पाण्यात कालवलेल्या रंगातून उडते ते बहुतेक पाणीच. मग तोच का लावीत नाहीत? अहो, दमट हवेत तो वाळता वाळत नाही आणि उघड्या पोलादावर गंजाचे ठिपके उमटतात. मुंबईचा पावसाळा आपल्याला ठाऊकच आहे. कोरडी हवा खेळवायला वेळ जातो, आणि थांबलेले जहाज मालकाला परवडत नाही.

कालवांचे नशीब त्या मानाने बरे म्हणायचे. तळाला शिंपले धरू नयेत म्हणून रंगात कथिलाचे विष घालीत. त्याने फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरातली कालवांची शेती बुडाली, तेव्हा १९८२ मध्ये त्या देशाने लहान बोटींवर तो रंग बंद केला. जागतिक करार अमलात यायला मात्र २००८ उजाडले.