सॉफ्टवेअर निवडण्याआधी आपलं गाणं ओळखा

सदर : घरचा स्टुडिओ

घरी माइक आणि ऑडिओ इंटरफेस आला, की या सदराच्या वाचकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? विचारणाऱ्यांत निवृत्तीनंतर भावगीतांकडे वळलेले लोक असतात, भजनी मंडळात पेटीची साथ करणारे असतात, स्वतःचं रॅप लिहिणारी कॉलेजची मुलं असतात. या सगळ्यांना इंटरनेटवर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : मोठे संगीतकार जे वापरतात ते घ्या. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तुम्ही काय रेकॉर्ड करणार आणि कोणत्या कॉम्प्युटरवर, या दोन गोष्टींवर निवड व्हायला हवी. संगीतकाराचं नाव त्यात कुठेच येत नाही.

बाजारातल्या सॉफ्टवेअरांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक घराणं टेपवरच्या ध्वनिमुद्रणातून आलेलं. एकाखाली एक ट्रॅक, डावीकडून उजवीकडे सरकणारा काळ, माणूस गातो किंवा वाजवतो आणि ते टिपलं जातं. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, गॅरेजबँड, रीपर ही सगळी या वाटेची. दुसरं घराणं ठेक्याचे आणि सुरांचे तुकडे जुळवून गाणं रचण्याचं. एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये 'फ्रूटीलूप्स' या नावाने आलं, तेव्हा ते ड्रमचे ठोके चौकोनांत भरण्याचं साधन होतं. एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आलं, तेही लूप हाताळण्यासाठी. आज दोन्ही घराण्यांतली सॉफ्टवेअरं एकमेकांची बरीच कामं करतात, पण ज्याचा पिंड ज्या कामाचा, तिथे त्याचा हात सफाईने चालतो.

म्हणून बीट बनवणाऱ्या मुलाला मी एफएल स्टुडिओ सुचवतो आणि पेटी-तबल्यावर अभंग गाणाऱ्याला त्यापासून दूर राहायला सांगतो. एफएल स्टुडिओ घेणाऱ्याने एक गोष्ट आधी तपासावी. त्याच्या सर्वांत स्वस्त 'फ्रूटी' आवृत्तीत माइकवरून आवाज रेकॉर्ड करण्याची सोय नसते. त्यासाठी वरची 'प्रोड्यूसर' आवृत्ती लागते. मोफत चाचणी आवृत्तीत काम साठवता येतं, पण ते पुन्हा उघडायचं तर विकतचा परवाना हवा. एकदा पैसे भरले, की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट मिळतात, हा मात्र त्याचा मोठा गुण.

आता आपल्याकडच्या गाण्याबद्दल. नवा प्रोजेक्ट उघडला, की बहुतेक सॉफ्टवेअर चार मात्रांची पट्टी आणि मिनिटाला १२० ठोके मांडून ठेवतं. केरवा किंवा भजनी ठेका आठ मात्रांचा, तो त्यात बसतो. रूपकाच्या सात, झपतालाच्या दहा किंवा दीपचंदीच्या चौदा मात्रांसाठी आकडे बदलून घ्यावे लागतात. तेही फार अवघड नाही. खरी अडचण लयीची. अभंगाची लय गजराकडे जाताना चढते, आणि ती चढायलाच हवी. कानात एकसुरी क्लिक लावून तबलजीला बसवलं, तर ठेका नेमका येईल, पण अभंग रंगणार नाही. अशा वेळी क्लिक बंद करावा. पेटी आणि तबला एकत्र बसवून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, आधी वाजवून घ्यावा. गायकाचा आवाज त्यावर नंतर चढवावा. सॉफ्टवेअरची पट्टी मागाहून त्या ठेक्याला जुळवता आली, की काम झालं. रीपरमध्ये समेसमेला खूण करून हे करता येतं. गॅरेजबँडमध्ये मात्र गाण्याच्या मध्येच ताल बदलण्याची सोय नाही, हे लक्षात असू द्यावं.

पट्टीचा प्रश्न वेगळा. आपल्या पेट्या अनेकदा ठरावीक ४४० हर्ट्झच्या मापाला काटेकोर जुळलेल्या नसतात. तुमची काळी एक आणि कॉम्प्युटरमधल्या तानपुऱ्याची काळी एक यांत अंतर असू शकतं, आणि ते रेकॉर्डिंग ऐकताना कानाला बोचतं. आधी पेटीचा षड्ज ट्यूनरवर बघावा आणि तानपुऱ्याचा ट्रॅक तेवढा वरखाली करावा. दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचे १०० भाग करून एकेका भागाने सूर हलवण्याची सोय असलेलं सॉफ्टवेअर आपल्याला हवं. 'सूर आपोआप दुरुस्त' करणारं बटण मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवावं. ते आवाजाला ओढून बारापैकी जवळच्या स्वरावर बसवतं. मींड त्यात तुटते, दरबारीचा आंदोलित गंधार सपाट होतो. गाण्यातला जीव काढून घेणारी ही दुरुस्ती आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट लेटन्सीची, म्हणजे गायल्यापासून तो आवाज हेडफोनमध्ये परत ऐकू येईपर्यंतच्या विलंबाची. सेटिंगमध्ये 'बफर साइझ' नावाचा आकडा असतो. ४८ किलोहर्ट्झवर तो २५६ ठेवला, तर एका बाजूचा विलंब साधारण ५ मिलिसेकंद होतो. १०२४ ठेवला तर २१. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना, असा तो दोनदा मोजला जातो. चाळीस मिलिसेकंदांवर तबलजी अस्वस्थ होतो आणि त्याचा ठेका मागे पडायला लागतो. रेकॉर्ड करताना बफर कमी ठेवावा, मिक्सिंगच्या वेळी वाढवावा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाकावा. आवाज नीट जुळत नाही म्हणून अनेक जण सॉफ्टवेअर बदलत बसतात. दोष बहुतेकदा या एका आकड्यात असतो.

चौथी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. एका सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट दुसऱ्यात सहसा उघडत नाही, आणि सॉफ्टवेअर बंदही पडतात. केकवॉक सोनार हे जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने त्याचं काम थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेऊन मोफत केलं, म्हणून वापरणारे वाचले. पुढे त्या मोफत आवृत्तीचाही अध्याय संपला आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा सोनार या नावाने आलं. आपलं गाणं असं कुणाच्या व्यवहारावर अवलंबून ठेवू नये. गाणं पूर्ण झालं, की प्रत्येक ट्रॅक अगदी सुरुवातीच्या शून्यापासून शेवटपर्यंत वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं साडेतीनशे एमबीच्या आत मावतं. वीस वर्षांनी कोणतंही सॉफ्टवेअर असो, या फाइली त्यात उघडतील.

पैशांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत टाकण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. त्यातून व्हायरस येतो, ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी प्रोग्रॅम बंद पडतो. त्याहून मोठी गोष्ट ही, की आपल्या गाण्याचे पैसे मिळावेत अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे बुडवू नयेत. आज त्याची गरजही उरलेली नाही. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे. गॅरेजबँड ॲपलच्या मॅकवर आणि आयफोनवर फुकट मिळतं. प्रो टूल्सची आठ ऑडिओ ट्रॅकची 'इंट्रो' आवृत्ती फुकट आहे. अनेक इंटरफेसांबरोबर क्यूबेस किंवा एबलटनची छोटी आवृत्ती येते. तो कोड खोक्यात तसाच पडून राहतो, तो आधी शोधा. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं रीपर ६० दिवस कोणत्याही अडथळ्याविना पूर्ण वापरता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरना मिळतो. जुन्या लॅपटॉपवरही ते हलकं चालतं. त्याच्याबरोबर तयार वाद्यांचे आवाज जवळजवळ नसतात आणि पहिल्या आठवड्यात त्याचे मेनू गोंधळात टाकतात, हेही सांगितलं पाहिजे.

तेव्हा माझा कौल असा. कथावाचन, रियाझाची नोंद, एकट्याचा आवाज कापून नीट करणं एवढंच काम असेल, तर ऑडॅसिटी पुरे. मॅक असेल तर गॅरेजबँड. त्यातलं काम पुढे लॉजिकमध्ये जसंच्या तसं उघडतं. विंडोजवर माणसं गाणार-वाजवणार असतील तर रीपर. बीट रचायचे असतील तर एफएल स्टुडिओची प्रोड्यूसर आवृत्ती, तीही चाचणी करून पाहिल्यावर. उरलेले पैसे बऱ्या माइकवर, बंदिस्त हेडफोनवर आणि खोलीतला घुमारा कमी करणाऱ्या जाड पडद्यांवर खर्च करा. ऐकणाऱ्याला फरक तिथे कळतो. आणि एक विनंती : जे निवडाल त्यात एक गाणं शेवटपर्यंत पूर्ण करा, मिक्स करा, चार जाणत्यांना ऐकवा. तोवर दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नावही काढू नका.