कार्व्हरची पहाट आणि कापसाची खतावणी

अमेरिकेत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी 1926 साली सुरू केलेल्या सप्ताहाचे 1976 साली महिन्यात रूपांतर झाले. अर्धशतक उलटले, तरी हा इतिहास शाळेत किती शिकवावा याविषयी तेथे एकमत नाही. 2023 च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याने या विषयाचा एक नवा अभ्यासक्रम आपल्या शाळांतून नाकारला आणि देशभर वादंग माजले. आपल्याकडे ही पुस्तके कोणी अडवीत नाही. उलट आपण ती आवडीने वाचतो. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. आपण ती कशी वाचतो?

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ 1981 साली प्रसिद्ध झाले. एखाद्या परदेशी कृष्णवर्णीयाचे चरित्र मराठी घराघरांत इतके पोचल्याचे दुसरे उदाहरण मला सुचत नाही. बक्षीस समारंभात ते दिले जाते, शिक्षक ते वर्गात वाचून दाखवितात. त्यातून काय घेतले असे मी विद्यार्थ्यांना विचारतो, तेव्हा उत्तरे ठरलेली असतात: चिकाटी, साधी राहणी आणि पहाटेचे फिरणे. कार्व्हर पहाटे चारच्या सुमारास उठून रानात जात, हे खरेच आहे. उत्तम दिनचर्येवर व्याख्याने देणारी मंडळी आता हा दाखला हमखास देतात. त्यात गैर काही नाही. प्रस्तुत लेखकही आंधळगावच्या शिवारातून धानाच्या बांध्यांकडेने उजाडण्यापूर्वी फिरून येतो, आणि झोप व पचन या दोन्ही बाबतीत त्याचा गुण अनुभवतो.

परंतु अर्थशास्त्राच्या शिक्षकाला या चरित्रातली दुसरी एक गोष्ट अस्वस्थ करते. 1864 च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मलेले कार्व्हर 1896 साली टस्कीगीच्या संस्थेत आले, तेव्हा भोवतालची जमीन वर्षानुवर्षांच्या कापसाने निकस झालेली होती. भुईमूग, चवळी, रताळी लावा, असे ते सांगत. 1906 पासून तर संस्थेची गाडीच हे ज्ञान घेऊन शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. धानानंतर लाखोरी टाकणाऱ्या आणि बांधावर तूर लावणाऱ्या आपल्या भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला यातले मर्म सांगावयास नको. मग तेथील शेतकरी कापसालाच का चिकटून होता? तो अडाणी होता म्हणून? मुळीच नव्हे. जमीन दुसऱ्याची, बियाणे आणि धान्य दुकानातून उधार, आणि पीक उगवण्याआधीच त्या उधारीपोटी गहाण. धनकोला कापूसच हवा असे, कारण कापूस कोठेही आणि केव्हाही विकला जाई. गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, खतावणी संपली नाही. कार्व्हरांचा सल्ला या खतावणीशी झगडत होता. ते सोडून केवळ त्यांच्या पहाटेचे गुणगान करणे म्हणजे पुस्तक अर्धेच वाचणे होय.

ती खतावणी विदर्भापर्यंतही येऊन पोचलेली होती. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतील गुलामांच्या हातून येत असे. 1861 साली तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव आकाशाला भिडला. वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गोऱ्या व्यापाऱ्याची नजर खिळली. 1865 साली युद्ध संपताच भाव कोसळले. 1867 साली आगगाडी नागपूरला आली, तोवर तेजी ओसरली होती, कापूस मात्र राहिला. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे लोटली होती! डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले आणि 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिले; 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ज्यांचा पराभव झाला, ते हेच आंबेडकर. 1972 साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, ती नावासकट अमेरिकेची आठवण घेऊनच. (त्या काळच्या मराठीत रूढ असलेला ‘निग्रो’ हा शब्द आता त्या समाजाने टाकला आहे, आपणही तो टाकावा.)

चित्रपटाचे सामर्थ्य वेगळे. पुस्तक हिशेब सांगते, चित्रपट चेहरा दाखवितो. क्वचित एखादे दृश्य दोन्ही साधते. गेल्या वर्षी मी काही विद्यार्थ्यांना ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हा 2013 सालचा चित्रपट दाखविला. सॉलोमन नॉर्थप या स्वतंत्र माणसाला 1841 साली पळवून नेऊन गुलाम म्हणून विकले गेले. 1853 साली सुटका झाल्यावर त्याने लिहिलेल्या आत्मकथेवर तो बेतलेला आहे. त्यात रोज सायंकाळी प्रत्येकाने वेचलेला कापूस तोलला जातो आणि वजन कमी भरले की चाबूक बसतो. ते दृश्य संपल्यावर खोलीत कोणी बोलेना. मुले सुन्न झाली. असे चित्रपट रात्री एकट्याने, झोपण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर पाहू नयेत, असे मी तेव्हापासून सांगतो. चारचौघांत पाहावेत, नंतर थोडे चालावे, बोलावे, आणि दोन दिवसांनी पुस्तक उघडावे.

त्या दिवशी आम्हीही चालत निघालो. वाटेत कोसा विणणाऱ्या घरातील एका मुलीने विचारले, “सर, गुलामी संपल्यावर त्यांना उचल कोण देत होते?” तिच्या घरी सूत आणि उचल एकाच व्यापाऱ्याकडून येते, आई कांड्या भरते, वडील मागावर बसतात, आणि उचल फिटेपर्यंत दुसऱ्याचे काम धरता येत नाही. चाबूक आणि उचल एक नव्हेत, हे तिला मी सांगितले. ते तिला माहीत होते. तिचा रोख वेळेवर होता: दिवस कोणाच्या मालकीचा?

फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 सालच्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, नाताळ ते नववर्ष या दिवसांत गुलामांना सुटी मिळे, आणि त्या दिवसांत त्यांनी दारू पिऊन पडावे याला मालकांचे उत्तेजन असे; म्हणजे स्वातंत्र्याचीच त्यांना किळस यावी. विश्रांतीदेखील मालकाच्या हिशेबात होती. कार्व्हरांच्या पहाटेकडे मी आता याच दृष्टीने पाहतो. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाने दिवसाचा एक प्रहर कोणालाही न देता स्वतःसाठी राखला होता. लवकर उठा हा उपदेश मागावर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याला करताना आपला आवाज थोडा खाली यावयास हवा.

त्या मुलीने प्रकल्पासाठी आंधळगावातील काही विणकर कुटुंबांची मजुरी आणि उचल लिहून काढावयास घेतली आहे. गेल्या आठवड्यात तिने वहीची पहिली दोन पाने मला दाखविली. मी सुचविलेल्या रकान्यांपुढे तिने आपल्या मनाने आणखी एक रकाना आखला होता: झोपेचे तास.