ऊसदर की ‘उचल’?

मोरगाव - कऱ्हाकाठचे मोरगाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात येते. तेथून दक्षिणेकडे गेले, की नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचे उसाचे मळे सुरू होतात. सोमेश्वर आणि माळेगाव हे सहकारी साखर कारखाने याच टापूतले. गळीत हंगाम तोंडावर आला, की येथे एकच प्रश्न विचारला जातो - यंदा पहिली उचल किती?

हा ‘उचल’ शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. उचल म्हणजे हिशेब होण्यापूर्वी आगाऊ घेतलेली रक्कम. बीड, अहिल्यानगरकडून येणारे ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात ती खरी उचल. पती-पत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, हंगामापूर्वी पैसे घेते आणि ऊस तोडून ते फेडते. फिटले नाहीत, तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. ही उचल म्हणजे कर्जच.

शेतकऱ्याचे तसे नाही. त्याने माल आधीच दिलेला असतो. देणे असते ते कारखान्याचे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. २००९ मध्ये वैधानिक किमान किमतीच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच ‘एफआरपी’, आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरवला. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. उरते ती शेतकऱ्याची किमान किंमत. तिला उचल म्हणणे म्हणजे धनकोलाच ऋणको ठरवणे होय!

शब्द मुळातच चुकीचा होता, असे मात्र म्हणता येणार नाही. सहकारात साखर विकली जाऊन ताळेबंद होईपर्यंत अंतिम दर कळत नाही. म्हणून आधी उचल, मग बारामतीकडच्या सभासदाच्या तोंडी असलेली कांडे बिल, खोडकी बिल, आणि दिवाळीला उरलेला फरक, अशी रीत पडली. शेतीच्या हंगामाला ती सोयीचीही होती. एफआरपीच्या वर मिळणाऱ्या रकमेला ती आजही लागू पडते. घोळ होतो तो किमान दरच या हप्त्यांत विभागला जातो तेव्हा.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नेमके तेच केले. विभागनिहाय आधार उतारा धरून पहिला हप्ता आणि हंगामाअखेर प्रत्यक्ष उताऱ्यानुसार दुसरा, असा शासन निर्णय काढला. चालू हंगामाचा उतारा आधी कळत नाही, ही अडचण खरी होती. परंतु त्यामुळे १४ दिवसांची मुदत निरर्थक ठरत होती. राजू शेट्टी यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

या लढ्याची घोषणा होती ‘एकरकमी एफआरपी’. कायद्यात ‘उचल’ हा शब्द नसताना शेतकऱ्यांना ‘एकरकमी’ हे विशेषण मागून घ्यावे लागले.