दमेकरी सारे सारखे नसतात

थंडी सुरू झाली की दवाखान्यांत धापा टाकणाऱ्या वृद्धांची गर्दी वाढते. रुग्ण सांगतो 'दमा आहे', सोबतचा मुलगा सांगतो 'दमा आहे' आणि केसपेपरवरही तेच लिहिले जाते. मग एक इंजेक्शन, चार गोळ्या, खोकल्याची बाटली आणि 'त्रास वाढला तर पुन्हा या' असा निरोप. शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही तेच. सर्वांना एकाच मापाने मोजणाऱ्या या पद्धतीविरुद्ध मला आज लिहायचे आहे.

ज्याला आपण सरसकट दमा म्हणतो, त्यात दोन मोठे आजार मिसळलेले असतात. खरा दमा बहुधा लहान वयात सुरू होतो, येतो आणि जातो. दुसरा आजार सी.ओ.पी.डी. यात श्वासनलिका व फुप्फुसे हळूहळू निकामी होतात. चाळिशीनंतर लागलेली धाप वर्षागणिक वाढत जाते, गेलेली ताकद पूर्णपणे परत येत नाही. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते.

आजार किती पुढे गेला आहे हे स्पायरोमेट्री या फुंकण्याच्या तपासणीवरून कळते. छातीभर श्वास घेऊन जोराने सोडला, तर एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते हे यंत्र मोजते. पंपाचे औषध देऊनही हा वाटा ७० टक्क्यांहून कमी राहिला तर नळ्या अरुंद झाल्या आहेत असे समजावे. वय व उंचीप्रमाणे पहिल्या सेकंदात जेवढी हवा सुटायला हवी, तिच्या निम्म्याहूनही कमी सुटली तर आजार तीव्र मानतात. पण माझा मुद्दा येथूनच सुरू होतो. दोघांचा आकडा सारखा ४० टक्के असला, तरी ते दोघे सारखे नसतात.

ही गोष्ट नवी नाही. १९५० च्या दशकातच ब्रिटनमधील डॉक्टरांना अशा रुग्णांत दोन वेगळ्या मूर्ती दिसल्या. पहिला हडकुळा, पिंपासारखी छाती असलेला, ओठांचा चंबू करून श्वास सोडणारा. त्याचे वायुकोश फाटलेले असतात, धाप फार लागते, पण रक्तातील प्राणवायू बराचसा टिकून असतो. दुसरा अंगाने भरलेला, सतत खोकणारा, बेडके काढणारा. त्याचे ओठ निळसर आणि पाय सुजलेले. इंग्रजीत पहिल्याला 'गुलाबी' आणि दुसऱ्याला 'निळा' अशी टोपणनावे पडली. आपल्या सावळ्या कातडीवर गुलाबी रंग कोठून दिसणार? निळेपणा मात्र जिभेवर आणि नखांवर पाहावा. आज आपण जाणतो की बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात आणि प्रकारही दोनच नाहीत.

आपल्याकडे तर आणखी दोन प्रकार ध्यानात ठेवायलाच हवेत. एक चुलीच्या धुराचा. ज्या बाईने आयुष्यात बिडी हातात धरली नाही, पण तीस-चाळीस वर्षे गोवऱ्या, तुरकाठ्या आणि पऱ्हाटीच्या धुरात फुंकणी फुंकली, तिलाही हा आजार होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की, या आजाराच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. मेक्सिकोतील स्त्रियांच्या २०१४ सालच्या अभ्यासात असेही दिसले की, सरपणाच्या धुराने आजारी पडलेल्यांत वायुकोश फाटण्याचे प्रमाण कमी आणि बारीक नळ्यांत हवा अडकण्याचे प्रमाण जास्त असते. दुसरा प्रकार क्षयरोगानंतरचा. क्षय बरा झाला, गोळ्या संपल्या, पण मागे राहिलेल्या व्रणांनी नळ्या आकसल्या. तो रुग्ण पुन्हा धापेने आला की कोणी त्याला दमा म्हणते, तर कोणी तपासणी न करताच पुन्हा क्षयाच्या गोळ्या सुरू करते. २०२३ पासून जागतिक मार्गदर्शिकेनेही चुलीचा व प्रदूषणाचा, तसेच क्षयासारख्या संसर्गाचा आजार असे कारणांनुसार गट वेगळे दाखवले आहेत.

वाचक विचारतील, प्रकार ओळखून फरक काय पडतो? पुष्कळ पडतो, कधी जीवनमरणाचा.

प्राणवायूचेच पाहा. झटका आलेल्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन लावला की नातेवाइकांना बरे वाटते. परंतु ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याला जास्त ऑक्सिजनने गुंगी येऊन मृत्यूही ओढवतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ऑक्सिजन मोजून, रक्तातील प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यान ठेवून दिला, तेव्हा मृत्यू अर्ध्याहून अधिक घटले. घरी सिलिंडर ठेवण्याचेही तसेच. स्वस्थ बसलेले असतानाही ज्यांचे प्रमाण ८८ किंवा त्याखाली राहते, त्यांना दिवसाचे निदान १५ तास ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढते. ज्यांची घट साधारण आहे, त्यांना २०१६ च्या अमेरिकी अभ्यासात असा लाभ दिसला नाही. कर्ज काढून सिलिंडर आणण्यापूर्वी हे माहीत असावे.

स्टेरॉइडच्या पंपाचेही तेच. रक्तातील इओसिनोफिल पेशी ३०० च्या वर असतील आणि झटके वारंवार येत असतील, तर तो उपयोगी पडतो. १०० च्या खाली असतील तर फायदा थोडा आणि न्यूमोनियाची भीती अधिक. फुप्फुसाचा फुगलेला भाग कापण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत १,२१८ रुग्णांच्या अभ्यासात तपासली गेली. २००३ च्या निष्कर्षांत असे दिसले की, वरचा भाग फुगलेला आणि चालण्याची शक्ती फार कमी असलेले रुग्ण त्यामुळे अधिक जगले. काही अतिगंभीर रुग्णांत मात्र शस्त्रक्रियेने मृत्यू वाढले. आजाराचे नाव तेच, उपचार तोच, फळ उलटे!

काही सहकारी म्हणतात, 'हे सारे पुण्या-मुंबईत ठीक. येथे पन्नास रुग्ण रांगेत असतात.' मला हे पटत नाही. वजन किती घटले, पायाला सूज आहे का, बेडका किती पडतो, घरात चूल होती का, क्षय झाला होता का, गेल्या वर्षी किती झटके आले, या प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. यांतील शेवटचा प्रश्न तर फार मोलाचा, कारण गेल्या वर्षी ज्याला झटके आले त्यालाच पुढे येण्याचा संभव सर्वांत जास्त, हे २०१० साली मोठ्या अभ्यासातून दिसले आहे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनाच्या काळात घरोघरी आले. रक्तपेशींची मोजणी, छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी तालुक्याला होऊ शकते. स्पायरोमीटर मात्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असले पाहिजे. नुसते यंत्र असून भागणार नाही, रुग्णाकडून नीट फुंकवून घेणारा शिकलेला माणूसही हवा. आपल्या लोकप्रतिनिधींनी रस्त्यांसारखीच याचीही मागणी करावी.

वाचकांना माझे सांगणे एवढेच. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका. दर महिन्याचे 'धापेचे इंजेक्शन' हा उपचार नव्हे, त्यात स्टेरॉइड असेल तर साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. बिडी सोडणे, धूर टाळणे, पंप घेण्याची रीत शिकणे, फ्लू व न्यूमोनियाची लस टोचून घेणे आणि झेपेल तेवढे रोज चालणे हे मात्र सर्व प्रकारांत हिताचे आहे. आणि पुढच्या वेळी कोणी 'दमा आहे' एवढेच म्हणाले, तर न संकोचता विचारा, 'डॉक्टरसाहेब, कोणत्या प्रकारचा? फुंकून पाहायचे का?' हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.