गोष्ट सांगताना घाई करू नका

देहूत इंद्रायणीच्या घाटावर लेकरू विचारतं, "इथं काय झालं होतं?" बाप एका दमात सांगून मोकळा होतो: तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या नदीत बुडवल्या आणि त्या तरंगून वर आल्या. पोरगं "हं" म्हणतं आणि पाण्यातले मासे बघायला लागतं.

आईबापांनो, एवढी घाई करू नका. त्या प्रसंगातले तेरा दिवस आधी सांगा. स्वतःच्या हातानं लिहिलेल्या वह्या डोहात सोडल्या आणि तुकोबा काठावरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. पहिल्या दिवशी माणसं जमली असतील. पाचव्या दिवशी किती उरली? घरी चूल कुणी पेटवली? त्यांची दुसरी बायको आवली काय म्हणाली असेल? हे पोरालाच विचारा, आणि ते उत्तर देईपर्यंत थांबा. शेवट तर साऱ्या गावाला पाठ आहे, तरीही कीर्तनात हा प्रसंग निघाला की मंडप चिडीचूप होतो. जिवाभावाचं सगळं गेल्यावर माणूस कसा तग धरतो, हे ऐकायला माणसं पुन्हा पुन्हा येऊन बसतात. प्रत्येकाचं काही ना काही गेलेलं असतंच.

चांगल्या गोष्टीला पोटाशी भिडणारी अडचण लागते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बसलं, पहिली बायको रखमा अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढं सावकारीची कर्जखतं नदीत बुडवायची वेळ आली, तेव्हा धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची अर्धी खतं देऊन तुकोबांनी फक्त आपली बुडवली. बरेच जण सांगताना कान्होबाला गाळतात, कारण त्याच्यामुळं त्यागाचं तेज कमी होतं असं त्यांना वाटतं. मला तर वाटतं, ती गोष्ट कान्होबामुळंच खरी वाटते. त्यालाही संसार होता. ज्या घरात वाटणी झाली आहे, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही.

आवलीचंही तसंच. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात, आणि ही उन्हातान्हात भाकरी घेऊन वर निघालेली. पायात काटा रुतला; तो विठ्ठलानं काढला म्हणतात. तिचा तर विठ्ठलावरच राग, त्यानंच घर बुडवलं म्हणून. अशा गोष्टी पुढंही सांगितल्या गेल्या: महिपतींनी तुकोबांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी संतांची चरित्रं लिहिली, आणि 1936 साली प्रभातनं 'संत तुकाराम' काढला. त्या सिनेमाची पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. तिथल्या प्रेक्षकांना कुठं आपली भाषा येत होती? पण रिकामा डबा आणि वैतागलेली घरधनीण कुठल्याही देशात ओळखू येते.

आता तुमच्या घराकडं वळतो. तळवडे, चाकण, महाळुंगे या कारखान्यांच्या पट्ट्यात लातूर, बीड, परभणी, बुलढाण्याहून आलेली हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांना विचारलं तर ती एवढंच सांगतात, "पप्पा कंपनीत आहेत." गाव का सोडलं, पहिली रात्र कुठं काढली, खोलीच्या डिपॉझिटला पैसे कुणी दिले, ठेकेदारानं कामावरून ब्रेक दिला तेव्हा तो महिना कसा निघाला, यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर गेलेलं नसतं. आपल्या हालांचं काय सांगायचं, असं म्हणून आपण गप्प बसतो. तसं गप्प बसू नका. मुलांना ऐकायचं असतं ते नेमकं हेच.

सांगताना फुगवू नका, आणि स्वतःची फजिती लपवू नका. स्टँडवर उतरल्यावर खिशात किती पैसे होते ते सांगा, पिशवीत काय होतं ते सांगा. शेवटी "म्हणून अभ्यास कर" हे मात्र जोडू नका; त्या एका वाक्यानं गोष्टीचं भाषण होतं आणि पोरगं उठून जातं. गावाकडची बोली येते तशी येऊ द्या. आजी गावी असेल तर तिला फोन लावा आणि पोराला विचारू द्या, बाबा पहिल्यांदा घर सोडून निघाले त्या दिवशी काय झालं होतं. तिला सगळं आठवत असेल. सेकंड शिफ्ट नसेल तर आजच रात्री लावा.