अबूझ कोण? बस्तरच्या डोंगरांत ‘हरवलेला इतिहास’ शोधणाऱ्यांसाठी

१/ इंद्रावतीच्या उत्तरेस, गडचिरोलीच्या सीमेला लागून अबूझमाड पसरला आहे. ‘माड’ म्हणजे डोंगर आणि ‘अबूझ’ म्हणजे न उमगलेला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माडियांना हा डोंगर कधीच अबूझ नव्हता. ज्यांना तो कळला नाही, त्यांनी आपले अज्ञान त्या भूमीच्याच नावात कोरून ठेवले.

२/ आज बस्तरची जी प्रवासवर्णने आणि चित्रफिती फिरतात, त्यांचा सूर अजूनही तोच आहे. ‘अस्पर्श अरण्य’, ‘काळ थांबलेला प्रदेश’, ‘जंगलात हरवलेली मंदिरे’ हे तीन शब्दप्रयोग त्यांत हमखास भेटतात. तिन्ही ऐतिहासिकदृष्ट्या असत्य आहेत आणि त्या असत्याची किंमत तेथील माणसांना मोजावी लागते. हा धागा त्याविषयी.

३/ प्रथम ‘हरवलेल्या’ मंदिरांकडे पाहू. बारसूर, नारायणपाल ही स्थळे छिंदक नागवंशी राजांच्या काळातील. नारायणपालच्या विष्णुमंदिराचा शिलालेख शके १०३३चा, म्हणजे इ.स. ११११चा. त्यात गुंडमहादेवी या राजस्त्रीने देवाला दिलेल्या दानाची नोंद आहे. बारसूरला राणी गंगमहादेवीचा लेख आहे आणि तो तेलुगू भाषेत आहे.

४/ त्या तेलुगू लेखाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. ज्या प्रदेशाला ‘जगापासून तुटलेला’ म्हटले जाते, तेथील राजस्त्री सुमारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी शेजारच्या तेलुगू प्रदेशाच्या भाषेत दानलेख कोरवीत होती. अरण्य होते, पण ते एकाकी नव्हते. मार्ग होते, व्यापार होता, भाषांची ये-जा होती.

५/ मराठी वाचकाने तर हा दावा ऐकूनही घेऊ नये. बस्तरची हलबी बोली मराठी कानाला अर्धीअधिक ओळखीची वाटते. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिचा विचार मराठीच्याच खंडात केला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हलबांच्या बंडानंतर बस्तरचे राज्य नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले आणि ‘टकोली’ नावाची खंडणी नागपूरला जाऊ लागली. खंडणी वसूल करताना हा प्रदेश कुणालाही अबूझ वाटला नाही!

६/ आता ढोलकल. बैलाडिला रांगेतील एका उंच सुळक्याच्या माथ्यावर उघड्या आकाशाखाली बसलेली ही गणेशमूर्ती नागवंशी काळातील मानली जाते. गेल्या काही वर्षांत ‘हजार वर्षे अज्ञात असलेली मूर्ती सापडली’ अशी तिची ख्याती झाली. अज्ञात कुणाला? पायथ्याच्या फरसपालला ती ठाऊक होती. ‘शोधक’ ज्या पायवाटेने वर चढले, ती वाट गावकऱ्यांच्याच पायांनी पडली होती.

७/ जानेवारी २०१७मध्ये ती मूर्ती कड्यावरून दरीत ढकलली गेली आणि तिचे तुकडे झाले. तुकडे शोधून, जोडून ती पुन्हा स्थानापन्न करण्यात आली. हजार वर्षे जिला कुणी हात लावला नाही, ती प्रसिद्धीनंतर अवघ्या काही वर्षांत भंगली. प्रसिद्धीमुळेच भंगली असे म्हणण्यास आधार नाही. पण ‘शोध लागला म्हणून वारसा वाचला’ हा गर्वही तेथे निराधार ठरतो.

८/ येथे एक आक्षेप नेहमी येतो : ‘मंदिरे राजांनी बांधली, त्यात आदिवासींचा काय संबंध?’ आक्षेप वरवर बिनतोड भासतो. त्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. दरवर्षी ७५ दिवस ते जगदलपूरच्या रस्त्यांवर दिसते.

९/ बस्तरच्या दसऱ्यात रावण जाळत नाहीत. तो दंतेश्वरीचा उत्सव आहे. त्याचा आरंभ करण्यासाठी राजाला अनुमती मागावी लागते. मिरगान समाजातील एक बालिका काट्यांच्या झोपाळ्यावर पहुडते आणि काछनदेवी तिच्या मुखाने ती अनुमती देते. हलबा समाजातील एक युवक नऊ दिवस खड्ड्यात जोगी म्हणून बसतो. रथ घडवण्याचा मान बेडाउमरगाव आणि झारउमरगावच्या कारागिरांचा. विजयरथ ओढण्याचा मान किलेपालच्या माडियांचा.

१०/ आणि विजयादशमीच्या रात्री? तो रथच चोरीला जातो. आदिवासी तो ओढून कुम्हडाकोटच्या वनात नेतात. दुसऱ्या दिवशी राजा तेथे जातो, त्यांच्यासमवेत नव्या धान्याचे अन्न ग्रहण करतो आणि मगच रथ परततो. सिंहासनाची मान्यता अरण्यातून येते, हे या विधीइतके स्पष्ट क्वचितच कोठे सांगितले गेले असेल. ज्यांच्यावाचून देवीचा रथ हलत नाही, त्यांचा देवळाशी संबंध काय, हा प्रश्नच मग हास्यास्पद ठरतो.

११/ यावर दुसऱ्या टोकाचे लोक सरसावतात : ‘म्हणजे हे सारे आपलेच, निराळे काही नाही.’ तेही चूक. माडियांचे स्मृतिस्तंभ, गावोगावच्या देवगुड्या, कुलांचे आपापले देव आणि जत्रा यांचे स्वतंत्र व्याकरण आहे. ते दंतेश्वरीशी नाते राखते, पण तिच्यात विरून जात नाही. एका टोकाने नाते नाकारायचे आणि दुसऱ्याने वेगळेपण गिळायचे, या दोन्ही रीतींत प्रत्यक्ष माणसांना विचारण्याचे कष्ट तेवढे वाचतात.

१२/ आता ‘अस्पर्श अरण्य’. पर्यटक कांगेर खोऱ्यात जातात, तीरथगडचा धबधबा आणि कुटुमसरची गुहा पाहतात. १९८२पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. फलकावर गुहेची माहिती असते, अंध माशांची असते. पण १९१०चा भूमकाल ज्या धुरवा मुलखात पेटला, तो हाच मुलूख.

१३/ विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी राजवटीने बस्तरच्या वनांचा मोठा भाग राखीव करण्याचा घाट घातला. फिरती शेती, शिकार, वनोपज यांवर निर्बंध आले आणि गावे उठवली गेली. वर दुष्काळ आणि वेठबिगार. आंब्याची डहाळी, मिरच्या, मातीचे ढेकूळ आणि बाण या खुणा गावोगाव फिरल्या. फेब्रुवारी १९१०मध्ये उठाव झाला. नेतानारचा गुंडा धूर हे त्यातील सर्वांत स्मरणात राहिलेले नाव. फौजा आणून तो चिरडला गेला, पण राखीव वनाचा बेत सरकारला आखडता घ्यावा लागला.

१४/ म्हणजे आज जे ‘निसर्गाने जपलेले’ म्हणून पाहिले जाते, त्याच्या सीमा कागदावर आखलेल्या आहेत आणि त्या आखताना गावे पुसली गेली. त्या अरण्याला ‘अस्पर्श’ म्हणणे म्हणजे ती गावे दुसऱ्यांदा पुसणे होय.

१५/ ‘थांबलेला काळ’ हेही तसेच. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांच्यासोबतचे आदिवासी मारले गेले. त्याच दशकाच्या अखेरीस बैलाडिलाचे लोहखनिज विशाखापट्टणमकडे जाऊ लागले. पुढची कित्येक वर्षे बस्तरने बंदुकांच्या दोन फळ्यांमध्ये काढली. काळ थांबला असता, तर यातले काहीही घडले नसते.

१६/ शब्दांवरून एवढा वाद कशासाठी? कारण शब्दांवर हक्क अवलंबून असतात. जून २०१९मध्ये हजारो आदिवासी किरंदूलला येऊन बसले. बैलाडिलातील नंदराज डोंगर त्यांचा देव आहे आणि त्याच डोंगरावर नवी खाण योजिलेली होती. तेथे शिखर नाही, गाभारा नाही, शिलालेख नाही. डोंगर हेच देऊळ. आंदोलनानंतर वृक्षतोड थांबवावी लागली आणि ग्रामसभेच्या संमतीची चौकशी करावी लागली.

१७/ ओडिशातील नियमगिरीची कथा याच जातीची. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. डोंगरिया कोंधांच्या श्रद्धेला न्यायालयाने विचारार्ह मानले. प्रवासी चित्रफितींनी मात्र अजून मानलेले नाही.

१८/ २००६च्या वनहक्क कायद्याचे नियम तर याहून पुढे जातात. हक्काचा पुरावा म्हणून त्यांनी जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आणि वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही ग्राह्य धरले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हे दोनदा वाचावे. कायद्याला जो दगड पुरावा वाटतो, त्यावर बसून छायाचित्र काढणाऱ्याला तो निव्वळ दगड वाटतो.

१९/ म्हणून बस्तरला जाऊच नये काय? अवश्य जावे. बारसूरच्या खांबांपुढे थांबावे, ढोलकल चढावे, दसरा पाहावा. पण गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. डोंगराचे नाव गावकऱ्यांकडून विचारून घ्यावे. देवगुडीत शिरण्यापूर्वी आणि कॅमेरा उचलण्यापूर्वी अनुमती मागावी. बस्तरच्या राजालाही ती मागावी लागते!

२०/ आणि परतल्यावर लिहिताना ‘शोध लागला’ असे न लिहिता ‘दाखवले’ असे लिहावे, कुणी दाखवले तेही लिहावे. एवढ्याने अबूझमाडचे नाव बदलणार नाही. मात्र अबूझ कोण होते, याचे उत्तर वाचणाऱ्याला मिळेल.