नाकाला काम हवे!

बव्हेरियातल्या आल्प्स पर्वतात तांबूस अंगाचा, लोंबत्या कानांचा एक कुत्रा आहे. त्याच्या लांबलचक जर्मन नावातला 'श्वाइस' हा शब्द मोठा मजेदार. एरवी त्याचा अर्थ घाम. तिकडच्या शिकाऱ्यांच्या बोलीत मात्र रक्त! गोळी लागून रानात नाहीशा झालेल्या हरणाचा माग काढणे, हा या कुत्र्याचा पिढीजात धंदा.

माझा एक जुना विद्यार्थी म्युनिकला नोकरीला आहे. त्याने या जातीचे पिल्लू मागितले. पैदास करणाऱ्याने विचारले, "शिकार करता काय?" हा म्हणाला, "नाही." पिल्लू मिळाले नाही. "गुरुजी, कुत्रा पाळायलासुद्धा बंदूक लागते का?" असे त्याने मला रागाने लिहिले. मी मात्र त्या पैदास करणाऱ्याच्याच बाजूचा आहे.

हा कुत्रा कोणाच्या हौसेखातर जन्मलेला नाही. हॅनोव्हरकडचे मागकाढे कुत्रे अंगाने जड. त्यांना कडेकपारी झेपेनात. म्हणून १८७० नंतर राइखेनहालच्या बॅरन कार्ग-बेबेनबुर्ग यांनी त्यांचा डोंगरातल्या तांबड्या कुत्र्यांशी संकर केला. १९१२ मध्ये म्युनिकला या जातीचा स्वतंत्र क्लबही निघाला. मला स्वतःला शिकार आवडत नाही. पण जखमी जनावर झुडपात तळमळत पडू नये म्हणून झटणाऱ्या कुत्र्याला मी दयेचा दूतच म्हणेन. लांब पट्ट्याला बांधलेला हा कुत्रा रात्र उलटलेल्या मागावर नाक टेकून चालतो. वाटेत दुसऱ्या हरणांचे ताजे वास येतात. ते सोडून त्याने त्या एकाच जखमी जनावराचा माग धरायचा. केवढा हा संयम!

असा कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणायचा आणि म्हणायचे, "आम्ही त्याला प्रेम देऊ, मटण देऊ, गादी देऊ!" अहो, त्याने गादी मागितली होती कुठे? सकाळी दहा मिनिटे रस्त्याने फिरवताना तो जरा वासाला थांबला, की मालक पट्ट्याला हिसका देतो, "चल, घाणेरडा कुठला!" वास घेणे हीच ज्याची विद्या, त्याला ती दिवसभर घाण म्हणून ऐकवायची. मग कंटाळून त्याने सोफा फाडला, की दोष त्याच्या जातीला!

वर्गात मी हेच पाहत आलो आहे. चित्रासाठी शिवशिवणारा हात आपण पाढ्यांना जुंपतो आणि वर पोराला मठ्ठ ठरवतो. मायेने पोट भरते, मन भरते. पण अंगातल्या गुणाची भूक कामावाचून भागत नाही.

तेव्हा वाचकहो, चित्र पाहून कुत्रा निवडू नका. आधी विचारा, याचा धंदा काय, आणि तो माझ्या घरी चालेल काय? उत्तर 'नाही' आले, तर खुशाल आपल्या गल्लीतले पिल्लू उचलून आणा. दारात बसून भुंकणे हा त्याचा धंदा, आणि तो कोणाच्याही दारात उत्तम चालतो!